कंट्रोलर खाली ठेवल्यावर

राजी ही जत्रांमधून कसरती करणारी एक मुलगी. उत्सवाच्या ऐन गर्दीत असुर तुटून पडतात, इतर मुलांबरोबर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला उचलून नेतात आणि ती त्याच्या मागावर निघते. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते, विष्णू शार्ङ्ग धनुष्य देतो आणि वाटेच्या शेवटी महाबलासुर उभा असतो. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीतले रंग, भिंतींवर रंगवलेल्या देवांच्या कथा अशा जगातून ती धावते, भिंतीवर पाय रोवून उसळी घेते, खांबाला धरून गरगर फिरते आणि त्याच वेगात त्रिशूळ घेऊन राक्षसांवर कोसळते. मराठी डोळ्याला इथे मल्लखांब दिसल्याशिवाय राहत नाही.

‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा व्हिडिओ गेम पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स हा त्याचा स्टुडिओ. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे संस्थापकांपैकी एकाने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीचे अनुदान मिळाले, संगीतासाठी लिनोस त्झेलोस हा ग्रीक संगीतकार जोडला गेला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ निन्टेन्डो स्विचवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोहोचला. वर्षअखेरीस द गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत देव हिंदीत बोलू लागले. आणि मग जाहीर झाले की राजीवर जगभरच्या प्रेक्षकांसाठी ॲनिमेटेड मालिका करायची.

या घोषणेकडे बातमी म्हणून बघून पुढे जाणे सोपे आहे. पण पुण्यातल्या एका लहानशा चमूने स्वतः रचलेले पात्र, स्वतःच्या मालकीचे जग आणि ते जगासमोर मालिकेच्या रूपात मांडायची तयारी, हे महाराष्ट्रात आजवर क्वचितच जुळून आले आहे. म्हणून खेळाची मालिका होते तेव्हा नेमके काय घडते, काय गळून पडते आणि काय नव्याने घडवावे लागते, याचा विचार आधी करायला हवा.

पहिली गळती उघड आहे. खेळात प्रेक्षक नसतो, खेळाडू असतो. राजी खड्ड्यात पडली तर ती खेळाडूच्या बोटांमुळे पडते. पुन्हा उठते तीही त्याच बोटांमुळे. एकाच राक्षसासमोर वीसदा हरल्यावर एकविसाव्यांदा जो विजय मिळतो, त्यातला आनंद लेखकाने लिहिलेला नसतो, खेळाडूने कमावलेला असतो. मालिकेत कंट्रोलर खाली ठेवावा लागतो. मग वीसदा हरण्याचे काय करायचे? ते जसेच्या तसे दाखवले तर प्रेक्षक दुसऱ्यांदाच उठून जाईल. गाळून टाकले तर विजय फुकटचा वाटेल. खेळाडूच्या मेहनतीने भरून निघणारी जागा मालिकेत फक्त एकाच गोष्टीने भरता येते : त्या पात्राबद्दल वाटणाऱ्या काळजीने.

आणि इथे राजीच्या बाबतीत एक फार रंजक अडचण आहे. हा खेळ उंचावरून, दुरून दिसतो. कॅमेरा लांब असतो. महाल अवाढव्य दिसतो आणि राजी त्यात बोटाएवढी. या मांडणीचा फायदा मोठा आहे, कारण वास्तूचा भव्यपणा खेळाडूच्या अंगावर येतो. कथेचे दुवे सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत, तेही देखणे आहेत. पण परिणाम असा की खेळाडू चार-पाच तास राजीबरोबर काढतो आणि तिचा चेहरा त्याला जवळून क्वचितच दिसतो. भाऊ हरवल्यावर तिचे ओठ कसे थरथरतात, खोटे धाडस करताना तिची नजर कुठे जाते, हे खेळाला दाखवावेच लागले नाही. मालिकेचे मात्र पहिले भांडवल चेहरा आहे. स्टोरीबोर्ड काढणारा चित्रकार पहिल्याच दिवशी विचारणार : ही मुलगी रडते कशी? गोलूचे तर त्याहून अवघड. खेळात तो शोधण्याचे निमित्त आहे, मालिकेत तो माणूस झाला पाहिजे. त्याच्या खोड्या, त्याचे हट्ट, बहिणीशी त्याची भांडणे आधी दिसली, तरच तो नाहीसा झाल्याची कळ प्रेक्षकाला लागेल.

हे प्रश्न नवे नाहीत. १९८२ मध्ये हॅना-बार्बेरा या अमेरिकी स्टुडिओने पॅक-मॅनवर दूरचित्रवाणी मालिका काढली, तेव्हा ठिपके खात फिरणाऱ्या एका पिवळ्या वर्तुळाला बायको, मूल आणि घर द्यावे लागले. गोष्टच नव्हती, ती शोधावी लागली. पुढची कितीतरी वर्षे खेळांवरच्या मालिका म्हणजे खेळण्यांची लांबलचक जाहिरात, असाच समज राहिला आणि बऱ्याचदा तो खरा होता.

या सगळ्यात पोकेमॉन वेगळा. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये खेळ आला आणि १ एप्रिल १९९७ रोजी मालिका सुरू झाली. खेळात १५१ प्राणी होते आणि पिकाचू त्यातला फक्त एक. मालिकेने त्याला उचलले, एका मुलाच्या खांद्यावर बसवले आणि दोघांची मैत्री हाच कथेचा कणा केला. ती मैत्री इतकी गाजली की १९९८ मध्ये खेळाची ‘यलो’ आवृत्ती मालिकेवर बेतावी लागली. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर ही मालिका हिंदीत लागू लागली आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एका अख्ख्या पिढीने शाळेतून आल्या आल्या ती बघितली, चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवले, मधल्या सुट्टीत ते पणाला लावले. त्यातल्या बहुतेकांनी मूळ खेळ कधी हातातही घेतला नव्हता. त्यांच्यासाठी मालिका हेच मूळ होते. परदेशी प्रेक्षकांसाठी रूपांतर करणाऱ्याने ही गोष्ट मनात पक्की धरावी : समोरच्या बहुतेकांनी खेळ खेळलेला नसतो.

गेल्या काही वर्षांत या प्रकाराचा दर्जा कमालीचा उंचावला. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘कॅसलव्हेनिया’ने सुरुवात केली. टेक्सासमधल्या पॉवरहाउस ॲनिमेशनने जपानी खेळावर केलेल्या त्या मालिकेच्या निर्मात्यांमध्ये कोलकात्यात जन्मलेला आदी शंकर होता. पहिल्या मोसमात भाग फक्त चार होते, पण खेळावरची मालिका मोठ्यांनीही गंभीरपणे बघावी अशी असू शकते, हे तेवढ्यात सिद्ध झाले. त्याच आदी शंकरने २०२५ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय’ आणली.

मग २०२१ चा नोव्हेंबर आणि ‘आर्केन’. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात दीडशेवर पात्रे आहेत. तो बनवणाऱ्या रायट गेम्सने त्यांची परेड काढली नाही. ख्रिश्चन लिंक आणि अ‍ॅलेक्स यी यांनी व्हाय आणि जिंक्स या दोन बहिणी निवडल्या, एक शहर वरचे आणि एक खालचे घेतले आणि बहिणींच्या ताटातुटीवर सगळा डोलारा उभा केला. काम पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओकडे होते. त्याच स्टुडिओने २०१३ मध्ये जिंक्ससाठी संगीतचित्रफीत केली होती, म्हणजे मालिकेच्या आधी आठ वर्षे हे लोक एकमेकांना पारखत होते. २०२२ मध्ये ‘आर्केन’ला ॲनिमेशन विभागातला प्रमुख एमी मिळाला, प्रवाही मंचावरच्या मालिकेला तो प्रथमच मिळत होता. ‘व्हरायटी’ने दिलेल्या आकड्यानुसार दोन मोसमांवर मिळून २५ कोटी डॉलर खर्च झाला. एवढा पैसा कोणत्याही भारतीय स्टुडिओच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे मान्य. पण दोन बहिणींची निवड करायला पैसा लागत नाही. राजीकडे तर बहीण-भाऊ आधीपासूनच आहेत.

‘सायबरपंक : एजरनर्स’ने दुसरीच वाट दाखवली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा मूळ खेळ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या दोषांसह आला की खेळाडू चिडले. सप्टेंबर २०२२ मध्ये जपानच्या ट्रिगर स्टुडिओने हिरोयुकी इमाइशीच्या दिग्दर्शनाखाली दहा भागांची मालिका केली. तिने खेळाचा नायक घेतलाच नाही. शहर तेच, पण कथा डेव्हिड मार्टिनेझ या नव्या पोराची. मालिका इतकी मनाला भिडली की लोक तिच्यासाठी खेळाकडे वळले आणि सलग काही आठवडे रोज दहा लाखांहून अधिक जण तो खेळू लागले. दोन वर्षांपूर्वी टीका झेलणारा खेळ एका मालिकेने सावरला.

या तिन्ही उदाहरणांत ‘आंतरराष्ट्रीय’ होण्यासाठी कुणी आपला रंग फिका केला नाही. हीच बाब राजीसाठी सर्वांत मोलाची. मुंबईत बैठका घेणाऱ्या निर्मात्यांकडून नेहमी ऐकू येणारे एक वाक्य असे असते की बाहेरच्या माणसाला कळेल असे करा. त्याचा अर्थ बहुधा, नावे सोपी करा, देव कमी करा, कपडे कुठलेही वाटतील असे ठेवा. याच सल्ल्याने आजवर कित्येक चांगल्या कल्पना बेचव झाल्या आहेत. परक्या प्रेक्षकाला महिषासुर कोण हे ठाऊक नसते, पण ते त्याला व्याख्यान देऊन सांगायची गरज नसते. राजीच्या खेळाने यावर सुरेख उपाय केला आहे : दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत आपसात बोलतात आणि त्या बोलण्यातून कथा उलगडत जाते. ही युक्ती मालिकेने टाकून देऊ नये. देव काळजी करतात, एखाद्याला ही पोर टिकेल असे वाटत नाही, दुसऱ्याला तिच्यावर भरवसा आहे, हे कोणत्याही देशातल्या प्रेक्षकाला कळते.

तपशिलात मात्र तडजोड नको, आणि याचा धडा मुंबईतच उपलब्ध आहे. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी रामायणावर ॲनिमेशनपट करायचे ठरवले तेव्हा त्यांच्याबरोबर भारताकडून राम मोहन उभे राहिले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात अमेरिकी ॲनिमेटर क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकलेले, पुढे भारतीय ॲनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’वर सुमारे ४५० कलावंत राबले. जपानी चित्रकारांचा हात कसलेला होता, पण धोतर कसे नेसतात, लहान मुले मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे त्यांना भारतीय सहकाऱ्यांनी दाखवून दिले. धोतराची चुण चुकली तर चालताना पाय चुकतो आणि नमस्कार करताना पाठ चुकीच्या जागी वाकली तर घरातल्या आजीला ते लगेच खुपते. परदेशी प्रेक्षकाला चूक सापडणार नाही, हे खरे. पण खरेपणा त्यालाही जाणवतो.

त्या चित्रपटाचे पुढे जे झाले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. निर्मिती सुरू होण्याआधीच, १९८३ मध्ये, वर्तमानपत्रातल्या एका बातमीच्या गैरसमजातून विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला. चित्रपट तयार झाला तोवर अयोध्येच्या वादाने देश पेटलेला होता. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला, नंतर दूरचित्रवाणीवर मुलांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, पण भारतीय चित्रपटगृहांत तो थाटात झळकला २४ जानेवारी २०२५ रोजी. राम मोहन तोवर हयात नव्हते. दैवतांची कथा जगासाठी सांगताना घरचा प्रेक्षक कायम दुसऱ्या कानाने ऐकत असतो. बाहेर ती पुराणकथा, इथे ती श्रद्धा. राजीच्या लेखकांना दोन्हींचा मान राखत लिहावे लागेल आणि ते जमण्यासारखे आहे, कारण कथेच्या केंद्रस्थानी देव नाही, एक साधी माणसाची पोर आहे.

दुसऱ्यांसाठी राबण्याची ही रीत समजायला आता ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर यावे. घोडबंदर रस्ता जिथून फुटतो त्या या नाक्याभोवती एकेकाळी कारखान्यांचा पसारा होता. गोल्डन डाईज नाका, कॅडबरी नाका ही नावे त्याचीच खूण. जवळच एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, वागळे इस्टेट. तिथल्या लहान कारखानदारांना जॉबवर्क हा शब्द तोंडपाठ : नकाशा दुसऱ्याचा, माल दुसऱ्याच्या नावाचा, आपली फक्त मजुरी. गेली तीन दशके मुंबई-ठाण्यातल्या ॲनिमेशन कामगारांचे बरेचसे आयुष्य याच रीतीने गेले. डिझाइन लॉस एंजेलिसचे, कथा तिथली, श्रेय तिथले आणि फ्रेमवर रात्री जागवणारी पोरे इथली. मुंबईच्या क्रेस्ट ॲनिमेशनने ‘अल्फा अँड ओमेगा’ हा संपूर्ण चित्रपट लायन्सगेटसाठी घडवला, २०१० मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शितही झाला. किती मराठी घरांना हे माहीत आहे?

मजुरीचे काम कमी प्रतीचे नाही. त्यानेच हात तयार झाले. गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोज’ची एकेक चौकट हाताने रंगवण्याएवढी चिकाटी त्या हातांतूनच आली आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्या चित्रपटाने झाली. पण जोवर पात्राची मालकी आपली नाही, तोवर दुसरा मोसम, खेळणी, पुढचा खेळ यांतले काहीच आपले नाही. भारतात एरवी प्रवास उलटा झाला : छोटा भीम, मोटू-पतलू या मालिका आधी गाजल्या आणि मुंबईच्या नझाराने त्यांवर मोबाइल खेळ काढले. खेळाकडून मालिकेकडे जाणारी राजीची वाट म्हणूनच मोलाची. २०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ या पुढच्या खेळाची घोषणा झाली. खेळ आणि मालिका एकमेकांना उचलून धरतील अशी रचना पहिल्यांदाच आकार घेऊ शकते.

साधनसामग्रीची तक्रारही आता पूर्वीसारखी करता येणार नाही. मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात वेव्हज ही दृक्-श्राव्य मनोरंजन क्षेत्राची परिषद झाली, मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन-गेमिंग क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी ‘महावतार नरसिंह’ने भारतीय ॲनिमेशनपटांच्या कमाईचे सगळे विक्रम मोडले. प्रेक्षक आहे, पैसा येतो आहे. उणीव लेखकाच्या टेबलाशी आहे.

आणि तिथे महाराष्ट्राने आपलेच घर धुंडाळावे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या एकेक करून हलवून नाचवल्या होत्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आजवर जपली. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. पडद्यामागे दिवा, बाहुलीची सावली, बाजूला गाणारा आणि सांगणारा एकच माणूस. राजीच्या खेळातले छायाबाहुल्यांचे प्रसंग ज्याने पाहिले असतील, त्याला पिंगुळीचा पडदा परका वाटणार नाही. मालिकेच्या दिग्दर्शकाने पॅरिस-टोकियोकडे जरूर बघावे, पण एक फेरी सिंधुदुर्गातही मारावी. चामड्याला भोके पाडून दागिन्यांतून प्रकाश कसा झिरपवतात, हे तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळते.

राहिला आवाज. २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी चित्रपट भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूतून आला, ठाण्याच्या मॉलमधल्या पडद्यांवर पहाटेपासून पोरे रांगा लावून होती, त्यांतली निम्मी घरी मराठी बोलणारी असतील. मराठी आवृत्ती नव्हती. आवाज देणारे नाहीत म्हणावे, तर ‘बाहुबली’त प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरचा आणि ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा. ‘द लेजंड ऑफ हनुमान’ मालिकेतला रावणही केळकरच बोलतो. गडकरी रंगायतनापासून घाणेकर नाट्यगृहापर्यंत ज्या ठाण्यात नाटकाचा पडदा दर आठवड्याला वर जातो, तिथे संवाद लिहिणारे आणि बोलणारे शोधायला लांब जायला नको.

मराठी आवृत्ती निर्माते आपणहून करणार नाहीत. मागणी दिसली तरच करतील. राजी पुण्यात जन्मली. तिची मालिका येईल तेव्हा ती मराठीतही बोलली पाहिजे, असे प्रवाही मंचांना, वाहिन्यांना आणि निर्मात्यांना वाचकांनी आजपासून लिहून कळवावे. आणि तोवर घरातल्या मुलाबरोबर एक संध्याकाळ बसून हा खेळ हिंदी आवाजात खेळून पाहावा.